डाव्या पायाला पुन्हा कामाला लावायचं का?

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय ‘ऑटोमॅटिक विकून मॅन्युअल घ्यावी का?’ आणि मला पाऊण तास दिलाय. घोडबंदर रोडवरून येणारे निम्मे श्रोते अजून मानपाड्याला अडकलेत असं कळलं, म्हणून सुरुवात सावकाश करतो. पहिला गिअर, हाफ क्लच. या हाफ क्लचवर पुढे बोलणार आहे आणि जरा जास्तच बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हात वर करा बघू, प्रीमिअर पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर कोणी कोणी ओढलाय? वा, बरेच आहेत. तुम्हाला मॅन्युअलची भीती घालून उपयोग नाही. आणि जन्मात क्लच दाबला नाही असे? ते मागच्या रांगेत. वडिलांना सोडायला आले होते, पार्किंग मिळालं म्हणून बसले. (हशा)

तर ‘ऑटोमॅटिक चांगली की वाईट?’ असं मला कोणी विचारलं की मी उत्तरच देत नाही. ठाण्यात ‘मिसळ कशी असते?’ असं विचारून बघा. समोरचा आधी विचारेल, कुठली? मामलेदारची? तिखट किती? गाडीच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही. ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नाही, विषय संपला. अहो, एकाच नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. त्यांची दुखणी वेगळी, औषधं वेगळी. एकीला कंटाळून चौघींना घटस्फोट देऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिली एएमटी. भारतात ती सर्वसामान्यांच्या गाडीत आली २०१४ च्या फेब्रुवारीत, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. आत काय आहे? मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, तीच कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला माणसाच्या जागी हायड्रॉलिकवर किंवा मोटरवर चालणारा ॲक्च्युएटर. म्हणजे तुमच्या गाडीत क्लच नाही असं नाही, क्लच दाबणारा नोकर ठेवलाय. नोकर हुकमाप्रमाणे काम करतो, पण पुढचा रिक्षावाला कधी वळणार हे त्याला दिसत नाही. म्हणून पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मान पुढे जाते. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका केलात तर झटका पुष्कळ कमी होतो. ही युक्ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात ठरलेले गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधला पोलादी पट्टा. पुलीच्या बाजू जवळ-दूर होतात, तसं प्रमाण अखंड बदलत राहतं. गर्दीत लोण्यासारखी. जोरात दाबली की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. रबर ताणल्यासारखं वाटतं. हिचा जीव तेलात. नेमून दिलेलं सीव्हीटीचंच तेल हवं. त्या जागी साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, ओतलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात आणि मग दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा नवा गिअरबॉक्सच.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर, घराण्यातली सगळ्यात जुनी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल. एक पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसरा पंखा फिरवतं. गर्दी, चढ, वजन, सगळं सोसते. इथे एक अडचण लक्षात ठेवा. खालचा बोल्ट काढून तेल बदललं तर निम्म्याहून कमीच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून चांगला मेकॅनिक थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलायला सांगतो. तो लुटत नाहीये. चौथी डीसीटी, दोन क्लचची. एक विषम गिअरांसाठी, एक सम. पुढचा गिअर आधीच तयार ठेवते, त्यामुळे हायवेवर सुरेख. पण तिचे क्लच कोरडे असतील तर मुंगीच्या चालीत ते तापतात आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. क्लच तेलात बुडालेले असले तर बरंच जास्त सोसतात. तेव्हा ‘माझी डीसीटी आहे’ एवढं पुरत नाही. कोरडी की ओली?

इलेक्ट्रिकवाले हसतायत. तुम्हाला बदलायचे गिअरच नाहीत, तुम्ही चहाला जाऊ शकता. (हशा)

आता हाफ क्लच, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवणं. ज्यांना मॅन्युअलकडे परत जायचंय त्यांना हे ऐकावंच लागेल आणि एएमटीवाल्यांनाही. क्लच प्लेट बसते फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारी जड चकती, आणि तिच्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये. पेडल पूर्ण सोडलं की तिन्ही एकजीव होऊन फिरतात, घासणं शून्य. पूर्ण दाबलं की प्लेट मोकळी, तेव्हाही घासणं नाही. झीज होते ती फक्त अधल्यामधल्या जागेत, जिथे इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरतंय आणि चाक जवळपास उभं आहे. नव्या प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत अस्तर असतं जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. तुमची सगळी पुंजी एवढीच. ते संपलं की रिव्हेट फ्लायव्हीलवर घासतात, त्यावर चर पडतात आणि जे काम क्लच सेटमध्ये भागलं असतं त्यात फ्लायव्हील लेथवर नेण्याची किंवा बदलण्याची भर पडते.

आणि ही सवय लावतं कोण? आपली ड्रायव्हिंग स्कूलं. शिकवायच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही पेडल असतात, कायद्यानेच लागतात, आणि ते योग्यच आहे. पण होतं काय, की अर्धा वेळ क्लच शिक्षकच सांभाळतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमलं. गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवतात, शिक्षकाला पुढची बॅच घ्यायची असते, म्हणून मंत्र दिला जातो: ‘क्लचवर पाय ठेवूनच चालवा, गाडी बंद पडणार नाही.’ खरंय, बंद पडत नाही. हळूहळू जळते. पाय नुसता टेकवला तरी क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो, ते कायम फिरत राहतं आणि मग क्लच दाबल्यावर घुर्रर्र असा आवाज येतो. पाय काढला की आवाज बंद. हा आवाज ओळखून ठेवा. जुनी मॅन्युअल घ्यायला जाल तेव्हा उपयोगी पडेल.

चढावर तर कहरच. कोपरीच्या पुलावर, मुंब्रा बायपासला, गायमुखच्या घाटात अवजड वाहनांच्या मागे रांग लागलेली असते. तिथे बघा, दहापैकी निम्म्या गाड्या ब्रेकवर उभ्याच नसतात. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जोरावर झोपाळ्यासारख्या पुढेमागे डुलत असतात. चालकाला ते कौशल्य वाटतं. काच खाली केली की जळका वास येतो आणि तो म्हणतो, ‘पुढच्या ट्रकचा येतोय.’ (हशा) हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच पकडायला लागला आणि गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं की हँडब्रेक सोडा. चार दिवस सराव लागतो. क्लच प्लेट एकाची लाखभर किलोमीटर जाते आणि दुसऱ्याची तीस हजारांत उरकते, ते बहुतेक वेळा यामुळे. एएमटीतही चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरलीत तर आतला नोकर नेमकं हेच करत असतो. प्लेट तुमचीच जळते. तिथे ब्रेक दाबूनच थांबायचं.

आता एक हिशेब करा. कापूरबावडी ते गायमुख दहाएक किलोमीटर. संध्याकाळी एका किलोमीटरला पंधरा वेळा थांबलात आणि दर थांब्याला तीनदा क्लच दाबलात, तर साडेचारशे वेळा. पेडलला आठ किलोचा जोर धरा. म्हणजे एका बाजूच्या प्रवासात डाव्या पायाने साडेतीन टनांहून अधिक ढकललंत. एवढ्यात ती मॅन्युअल गाडी उचलून तीन-चार वेळा बाजूला ठेवून झाली असती. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी इथेच उठून घरी गेलात तरी चालेल, तुमचा निर्णय झालाय.

...चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली म्हणतायत. सभागृह पुढच्या कार्यक्रमाला द्यायचंय. ठीक आहे, मूळ विषय आत्ताच सुरू होतोय. (हशा) भराभर सांगतो, लिहून घ्या.

विकायच्या आधी तुमची ऑटोमॅटिक यातली कुठली, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. एएमटी झटके देत असेल तर आधी बॅटरी तपासा, कारण अशक्त बॅटरीवर ॲक्च्युएटर वेडेपणा करतो. मग ॲक्च्युएटरच्या हायड्रॉलिक तेलाची पातळी. मग सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग नव्याने करून घ्या. प्लेट झिजते तशी क्लच पकडण्याची जागा सरकते, ती कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावी लागते. पुष्कळ ‘बिघडलेल्या’ एएमटी एवढ्यात सुधारतात. प्लेटच संपली असेल तर क्लच सेट बदला, मॅन्युअललाही तोच खर्च येणारच होता. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर धक्के देत असेल तर आधी तेलाचा रंग आणि वास बघा. काळं आणि करपट म्हणजे उशीर झालाय. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसात वंदना टॉकीजजवळच्या पाण्यातून गाडी काढली होतीत का, आठवा.

काही जण विचारतात, त्याच गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवता येईल का? क्लच पेडल, मास्टर सिलिंडर, फ्लायव्हील, माउंटिंग, वायरिंग आणि इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं बदलावं लागतं. वर गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा कंपनीचे प्रश्न. नाद सोडा.

मायलेजसाठी बदलताय? थांबा. २०२४ च्या स्विफ्टचे कंपनीचे आकडे मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर प्रतिलिटर. रस्त्यावर दोन्ही कमी देणार, पण मॅन्युअल म्हणजे पेट्रोलची बचत हे गणित एएमटीपुढे टिकत नाही. जुन्या चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरपुढे टिकतं.

पैशाचं गणित असं. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर नवी घेतलीत तर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स. सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. जुनीवर भरलेला टॅक्स तिच्याबरोबर खरेदीदाराकडे जातो, तुमच्या हाती काही येत नाही. शिवाय नव्या गाडीची पहिल्या वर्षाची घसरण. बदलण्याचा खरा खर्च हा आहे. त्यात क्लच सेट आणि तेल अनेकदा बसतं. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, मात्र तुमचा, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीला लावता येतं, तीन वर्षं चालतं. विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीबरोबर बोजा उतरवायचा ३५. आरसीवर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, अपघात झाला तर जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते.

मग मॅन्युअल कोणी घ्यावी? ज्यांचं रोजचं जाणं-येणं लोकलने आणि गाडी फक्त माळशेज, कसारा, कोकण यासाठी निघते त्यांनी. उतारावर इंजिनचा ब्रेक, म्हणजे खालच्या गिअरने वेग धरून ठेवणं, हाताशी हवा असतो. एएमटीतही एम वर, म्हणजे मॅन्युअल मोडवर, टाकून तो मिळतो, पण किती जण टाकतात? वॉरंटी संपलेली कोरडी डीसीटी रोज घोडबंदरला रांगवणाऱ्यांनी तर ती विकावीच, फक्त बदल्यात टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी घ्यावी. ऐरोली-महापे-बेलापूर रोज करणाऱ्यांनी मॅन्युअलच्या वाटेला जाऊ नये. घरात दुसरं कोण चालवतं हेही विचारा. आपल्याकडे हलक्या मोटारीचं लायसन्स दोन्हींना एकच, त्यामुळे फक्त ऑटोमॅटिकवर शिकलेल्या सूनबाई कायद्याने मॅन्युअल चालवू शकतात. पण शिळफाट्याच्या चढावर कायदा क्लच दाबायला येत नाही.

बऱ्याच वर्षांनी मॅन्युअलवर परतणाऱ्यांसाठी: पहिले पंधरा दिवस थांबताना क्लच दाबायचं विसराल आणि गाडी बंद पडेल. त्याचं काही नाही. त्याउलट, सवयीने डावा पाय क्लच समजून ऑटोमॅटिकच्या ब्रेकवर आपटणं धोक्याचं आहे. घरात दोन्ही गाड्या असतील तर हे नक्की होतं. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे डावीकडच्या पाय टेकायच्या जागेवर, टेकवून ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही.

हो, हो, दिसली दुसरी चिठ्ठी. शेवटचं. टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी सातला घेऊ नका, तेव्हा बैलगाडीसुद्धा छान वाटते. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला घ्या, तीन हात नाक्यावरून माजिवड्याला, आणि सेल्समनला मागच्या सीटवर बसवा. जुनी मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. इंजिनचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच संपलाय, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. प्रश्न बाहेर जिन्यात घेतो.