कुंपण असं लावा की पाखरं मुक्कामाला येतील

नमस्कार मंडळी. मे महिना चालू आहे, बाहेर पारा 43 च्या घरात, दुपारी विजापूर रोडला चिटपाखरू दिसत नाही आणि अशात मी तुम्हाला झाडं लावायचं सांगायला बसलोय म्हणजे काही जणांनी रेडिओचं बटण फिरवलंच असणार. थांबा की जरा. झाडं आत्ता लावायचीच नाहीत, आत्ता फक्त चर खणायचाय आणि त्या चरात काय काय घालायचं ते ठरवायचंय, लावणीला अजून वेळ आहे.

विषय आहे कुंपण. जिवंत कुंपण, म्हणजे झुडपांचं, आणि तेही एकाच जातीचं नाही तर मिश्र. जुळे सोलापूरला किंवा होटगी रोडच्या नव्या वसाहतींमधून एक चक्कर मारा, प्रत्येक बंगल्याला काय दिसतंय? पिवळ्या पानांचा दुरांटा, कमरेएवढा, वरून पट्टी लावून कापल्यासारखा सपाट. माळी महिन्याला येतो, कात्री चालवतो, पैसे घेऊन जातो. दिसायला नीटनेटकं, नाही कोण म्हणतंय, पण त्यात पाखरासाठी काय आहे सांगा बरं. सारखी कात्री म्हणजे फूल नाही, फूल नाही म्हणजे फळ नाही, आणि घरटं बांधायला घ्यावं तर चार दिवसांत डोक्यावर कात्री. दुसरीकडं हल्ली त्या कोनोकार्पस नावाच्या परदेशी झाडाचं फॅड, भराभर वाढतंय म्हणून लोक लावतात, पण गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, इतका त्याचा वैताग झाला. भराभर वाढतंय हा गुण आपण फारच मनावर घेतो.

आता पाखराला काय लागतं ते बघा. लपायला जागा, बारा महिने काहीतरी खायला, आणि पिल्लांसाठी अळ्या-किडे. हे शेवटचं फार कमी लोकांच्या लक्षात येतं. चिमणी दाणे खाते हे आपल्याला शाळेपासून माहिती, पण पिल्लाला ती दाणे नाही भरवत, पहिले काही दिवस तर मऊ अळ्या आणि किडेच. म्हणजे कुंपणाला अळी दिसली रे दिसली की फवारणीचा पंप काढणाऱ्यानं मग चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळू नये.

एकाच झाडात हे सगळं मिळत नाही, म्हणून मिश्र. आणि सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, नळाचं पाणीही रोज येत नाही, तेव्हा लाडावलेली झाडं आपल्याला परवडायची नाहीत. आपल्या माळावर, बांधावर जी आपोआप उगवतात तीच घ्यायची.

पहिलं बोर. काटा असा की मांजर आत शिरायच्या आधी दोनदा विचार करतं, आणि म्हणूनच बुलबुल, मुनिया यांना ते आवडतं. मुनिया म्हणजे ती मातकट, गळ्याखाली पांढरट, चिमणीहून लहान, काटेरी झुडपात गवताचा गोळा करून राहणारी. बोराला मोकळं सोडलं तर त्याचं झाड होतं, म्हणून पाच-सहा फुटांवर राखायचं, छाटणी मात्र उन्हाळ्यात पान गळतं तेव्हाच करायची, कारण फळ नव्या फुटीवर येतं. छाटायच्या आधी आत घरटं नाही ना ते बघून घ्या. संक्रांतीच्या सुमाराला बोरं लागतात, घरातल्या बारक्या पोराच्या बोरन्हाणाला बाजारातून आणायला नकोत.

बोरासोबत करवंद. त्याचाही काटा जबरदस्त, पानं बारा महिने हिरवी, त्यामुळं बोर उघडं पडतं तेव्हा करवंद झाकून धरतं. या दोघांमध्ये एखादं डाळिंब घाला, सोलापूर जिल्ह्यात राहून कुंपणाला डाळिंब नाही म्हणजे काय! लाल फुलांवर सूर्यपक्षी येतो, तो अंगठ्याएवढा, विणीच्या दिवसांत नर काळा-जांभळा चमकतो. फळं मात्र पोपट पोखरतील, ती त्यांचीच समजायची. तुमची डाळिंबाची बाग असेल तर मग हे कुंपण बागेला लागून करू नका, घराच्या बाजूला करा, नाहीतर मला शिव्या घालाल.

मग तरवड. रस्त्याकडंला, खडकाळ मुरमाड जागेत पिवळ्या फुलांनी भरलेला असतो ना, तोच. शेळी शक्यतो तोंड लावत नाही, पाणी मागत नाही, आणि त्याच्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या होतात. अळ्या म्हटल्यावर नाक मुरडू नका, आत्ताच सांगितलं की पिल्लांना काय लागतं ते. अडुळसा असाच, त्यालाही शेळी खात नाही, काडी टोचली की लागतो, थंडी सरता सरता पांढरी फुलं येतात आणि सूर्यपक्षी त्यात चोच घालून बसतात. खोकल्याला आपल्यालाही उपयोग. निर्गुडी आणि मेंदी पण काडीवर येतात. मेंदीच्या फुलांना वास सुंदर, माश्या-किडे झुंबडीनं येतात, आणि नागपंचमीला शेजारच्या पोरी पाला मागायला येतील त्या वेगळ्या.

या सगळ्यावर चढवायला वेल पाहिजेत. गुळवेल सोडा, लाल टपोरी फळं बुलबुल एकेक करून टिपतो. आणि वाघाटी! पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं आषाढी एकादशी आणि दुसऱ्या दिवशी बारशीला वाघाटीची भाजी हे काही नव्यानं सांगायला नको. बाजारात त्या दिवसात वाघाटी काय भावानं जाते बघा आणि तीच वेल बांधावर मात्र लोक जाळून टाकतात. काटे वाकडे, आकड्यासारखे, कुंपणात गुंतली की माणूसही आरपार जात नाही. चोराचीही सोय झाली.

काय लावू नका ते पण ऐका. घाणेरी नको, कोणी टणटणी म्हणतं. पाखरं फळं खातात हे खरं, तिथंच गोम आहे, बी लांब लांब नेऊन टाकतात आणि माळच्या माळ घाणेरीनं भरून जातात. शेराचं झुडूप लावायचं असेल तर पोरं खेळतात त्या बाजूला नको, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट.

माळाचा विषय निघालाच म्हणून एक गोष्ट सांगतो. हे कुंपण तुमच्या घराला, बागेला, शेताच्या बांधाला. मोकळ्या माळावर जाऊन झाडी वाढवायचा उत्साह कृपा करून नको. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे, माळढोकाला लांबवर मोकळं गवत लागतं, झाडोरा वाढला की तो ती जागा सोडतो. माळावर ग्लिरिसिडियाची झाडं वगैरे लावून हिरवं केलं म्हणून टाळ्या वाजवायच्या, आणि तिकडं माळढोक, काळवीट, लांडगा यांची जागा गेली. गवत हे पण हिरवंच असतं की ओ, चार महिने का होईना.

आता चर. दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आणि भिंतीला अगदी चिकटून नको. कुंपणाला चारेक फूट जागा द्या, पातळ कुंपणात पाखरू राहत नाही. मुरूम लागला तर पहारीनं घाम काढावा लागेल, पण आत्ता खणलेला चर उन्हात तापू दे, मग पहिला पाऊस पडला की शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि तीच माती मिसळून भरा. रोपं दोन ओळींत, नागमोडी, एकमेकांपासून अडीच-तीन फुटांवर. एका जातीची सलग रांग करू नका, बोर, मग तरवड, मग करवंद, मग अडुळसा, अशी सरमिसळ.

लावायचं कधी? पेपरात मृग लागल्याचं वाचून लगेच धावू नका. आपल्याकडं मृग पुष्कळदा दगा देतो, जूनमध्ये दोन सरी पडतात आणि मग तीन आठवडे वारा. चांगली ओल झाली की जुलैत लावा, आपल्याकडं पाऊस सगळ्यात जास्त सप्टेंबरात होतो, तोवर मुळं धरलेली असतात, त्या पावसाचा पुरेपूर फायदा होतो. बुडात ज्वारीच्या कडब्याची कुट्टी नाहीतर उसाचं पाचट पसरा, काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून मुळं उघडी पडतात ती वाचतात. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल, पण त्याला नळाचं कशाला? भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, एसीचं ठिबकणारं पाणी. कुणी चिरलेला माठ टाकून देत असेल तर मागून घ्या, दोन रोपांमध्ये पुरा, भरून ठेवा, झिरपत राहतं. तिसऱ्या वर्षापासून यातली बहुतेक तुमची वाटही बघत नाहीत.

छाटणीचं फार महत्त्वाचं. होळीच्या आधीपासून ते पार पावसाळा संपेपर्यंत कोणाची ना कोणाची वीण चालू असते, बुलबुल लवकर सुरू करतो, शिंपी आणि वटवट्या ही पाखरं पावसात. शिंपी तर पानं शिवतो, कोळ्याच्या जाळ्याचा धागा, कापूस, सूत मिळेल ते वापरतो, आणि सोलापुरात सुताला काय तोटा. तेव्हा माळ्याला सांगून ठेवायचं, बोर सोडून बाकीचं छाटायला दसरा-दिवाळी झाल्यावर ये, आणि तेव्हाही सगळं एकदम भुंडं करू नको, यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. मधेच छाटणं भागच असेल आणि घरटं दिसलं तर महिनाभर कळ काढा, बुलबुलाची अंडी घालून पिल्लं उडायला त्याहून जास्त वेळ लागत नाही.

कुंपण दाट झालं की सातभाई पक्षी येतील, खाली पाचोळा उलथापालथा करत, भांडल्यासारखा कलकलाट करत, गल्लीतली भांडणं कमी वाटावीत इतका. त्यांच्या मागावर पाऊस सुरू झाला की चातक येतो, डोक्यावर शेंडी, काळा-पांढरा, आणि सातभाईच्या घरट्यात गुपचूप आपलं अंडं घालून मोकळा होतो. पोसायचं काम सातभाईकडं. चातक पावसाची वाट बघतो ते आपण ऐकलेलं असतं, त्याची ही बाजू कोणी सांगत नाही! भारद्वाजही येईल, सकाळी दिसला की लोक खूश होतात.

आणि हो, शेजारी येऊन म्हणणारच, साप येतील ओ. साप उंदरामागं येतो आणि उंदीर येतो तो सांडलेल्या धान्यामागं, विटा-फरशांच्या ढिगात. तो ढीग उचला, रोजचं शिळं अन्न कुंपणात फेकू नका, आणि दाराच्या उंबऱ्यापासून कुंपण जरा लांब ठेवा. पाण्याचं भांडं ठेवाल ते पण झुडपाला चिकटून नको, सात-आठ फूट उघड्यावर, म्हणजे मांजर दबा धरून बसलं तर पाखराला आधी दिसेल. पाणी रोज बदला, डास नकोत.

फ्लॅटवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही, सोसायटीच्या कंपाउंडला जागा असतेच, सेक्रेटरीला पटवा. अगदीच नाही जमलं तर गच्चीवर मोठ्या कुंड्यांत अडुळसा, मेंदी, करवंद होतंय.

तर या आठवड्यात एवढंच करा. चराची आखणी चुन्यानं करून घ्या. येता-जाता रस्त्याकडंच्या तरवडाच्या वाळलेल्या शेंगा खिशात टाका, बी टणक असतं, वाळूत चोळून रात्रभर पाण्यात भिजवून मग पिशवीत लावायचं. मंडईत करवंदं मिळाली तर खाऊन बिया लगेच मातीत घाला, वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत. आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत एकदा विचारून या, पावसाच्या तोंडावर गर्दी होते तिथं.