करंगळीवरची शाई नको, कार्ड दाखवा: पोलिओबद्दल सोलापूरच्या आईबापांशी

नमस्कार मंडळी. (डावी करंगळी कॅमेऱ्यासमोर धरून) पोलिओ रविवारी बूथवर दोन थेंब पाजले की बाळाच्या या करंगळीला शाई लावतात. विडी घरकुल वस्तीत एका आईला मी विचारलं, पोलिओची सुई झाली का? तिनं लगेच बाळाची करंगळी पुढे केली. "शाई लागलीय की ताई, झालं आमचं."

झालं नव्हतं. लसीकरणाच्या कार्डावर साडेतीन महिन्यांचा रकाना कोराच होता. रविवारचे थेंब हे जादाचे असतात, कार्डावरच्या डोसांच्या बदल्यात नाहीत. हे इतक्या घरांत माहीत नसतं की मला काळजी वाटते.

पोलिओ होतो विषाणूमुळे. तो तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि हात, पाणी, अन्न यांतून पुन्हा कुणाच्या तरी तोंडात जातो. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात. त्यात न धुतलेला हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. शौचानंतर आणि बाळाला भरवण्याआधी हात साबणानं धुवा.

हा विषाणू फार फसवा आहे. बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही, काहींना ताप, उलट्या, मान आखडणं. साधारण 200 बाधितांमागे एकाला कायमचा लकवा होतो. म्हणजे एक पोर लंगडताना दिसेपर्यंत तो गल्लीभर फिरलेला असतो. मणक्यातल्या मज्जातंतूंच्या पेशी मेल्या की पायातली ताकद जाते, श्वासाचे स्नायू थांबले तर जीवही जातो. यावर औषध नाही.

सगळ्यात जास्त धोका पाच वर्षांखालच्या, डोस अर्धवट राहिलेल्या मुलांना. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: ताप आला की "डॉक्टर, सुई मारा" असा हट्ट करू नका. अंगात पोलिओचा विषाणू असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच हातापायाला लकवा होण्याची शक्यता वाढते.

"पण पोलिओ तर संपला ना?" भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्यातली दोन वर्षांची मुलगी. 27 मार्च 2014 ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे. शिवाय थेंबांतला कमजोर केलेला विषाणू लस न घेतलेल्या वस्तीत बराच काळ फिरत राहिला, तर बदलून पुन्हा घातक होऊ शकतो. 2022 साली न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला अशाच विषाणूनं लकवा झाला. वस्तीतल्या सगळ्या मुलांचे डोस पूर्ण असले की त्याला फिरायला जागाच उरत नाही.

आता कार्ड हातात घ्या. थेंब: जन्मल्यावर, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, आणि दीड वर्षानंतर बूस्टर. सुई: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. नऊ महिन्यांची सुई 2023 पासून आली, म्हणून मोठ्या मुलाच्या कार्डाशी ताडून बघू नका. साधा जुलाब असला तरी थेंब देतात.

आपल्या उन्हाळ्यात अनेकजण विचारतात, लस खराब झाली नसेल ना? बाटलीवर एका गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. सिस्टरना दाखवायला सांगा, त्या आनंदानं दाखवतात.

पंधरा वर्षांखालच्या कुणाचाही हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. शौचाचे दोन नमुने 14 दिवसांच्या आत तपासायला जावे लागतात, म्हणून घरी मालिश करत थांबू नका.

ऊसतोडीला जाताना कार्ड सोबत न्या. हरवलं असेल तरी या, आशाताई नवं करून देतात.

ती आई पुढच्या सत्राला आली. बाळाच्या उजव्या दंडावर मसुराएवढा फुगवटा उठला, ते रडलं, तिनं छातीशी घेतलं. सिस्टरनी कोरा रकाना भरला आणि त्याखाली नऊ महिन्यांची तारीख लिहून दिली.