जुन्या ट्रॅक्टरला मागचे टायर घेताना

नमस्कार शेतकरी मंडळी.

गाळप संपून साखर कारखान्यांचे पट्टे पडले की ट्रॅक्टर घरी येतात आणि मालकाचं लक्ष मागच्या चाकांकडे जातं. हंगामभर ऊस ओढून दाते झिजलेले असतात, मधलं रबर गुळगुळीत झालेलं असतं, बाजूला बारीक भेगा दिसायला लागतात. पुढे उन्हाळी नांगरट आहे, मग पेरणी. टायर बदलायचे ठरतं, आणि दुकानाच्या बाकड्यावर बसल्याबसल्या कुणीतरी सल्ला देतं, "एक नंबर मोठा टाका की! ट्रॅक्टर उठून दिसेल आणि ओढही वाढेल."

आज या सल्ल्याबद्दलच बोलायचं आहे. डोळ्यांसमोर पंधरा-वीस वर्षं राबलेला, चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा, फक्त मागच्या चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर ठेवा.

अशा ट्रॅक्टरला बहुधा १३.६-२८ हा टायर असतो. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. मध्ये आडवी रेघ असेल तर तो साधा नायलॉनचा टायर, रेघेच्या जागी 'आर' असेल तर रेडियल, म्हणजे आतले दोरे तिरके न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेला. फार जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात ११-२८ असं काही सापडलं तर गोंधळू नका. आजचा १२.४-२८ तो हाच. काही टायरांवर १२.४/११-२८ असे दोन्ही आकडे छापलेले असतात.

आता एक नंबर मोठा म्हणजे १४.९-२८. रिमचा व्यास तोच, त्यामुळे टायर चढतो. पण बाहेरून मोजलं तर १३.६ चा टायर साधारण १३१ सेंटिमीटर उंच भरतो आणि १४.९ चा १३६ च्या थोडा वर. म्हणजे चार टक्के जास्त. इंजिन तेच, गिअर तोच, चाक मात्र मोठं झालं. ट्रॅक्टर चार टक्के जोरात पळणार आणि जमिनीवरची ओढ तेवढीच कमी होणार. ब्रेकचंही तसंच. ड्रम आणि लायनर जुनेच, पण थांबवायचं चाक मोठं. उताराला मागे भरलेली ट्रॉली ढकलत असताना हा फरक पायाला जाणवतो.

मग लोकांना ओढ वाढल्यासारखी का वाटते? कारण नवा टायर रुंद असतो, त्याचे दाते ताजे असतात, आणि आधीचा टायर भुसभुशीत रानात जागेवर फिरत होता. पकड वाढली हे खरं. पण ती १३.६ चाच नवा टायर घेऊनही वाढली असती.

रिमची रुंदीही बघायला हवी. १३.६ ला बारा इंची रिम लागते, १४.९ ला तेरा इंची. बारा इंचीवर १४.९ चालवून घेता येतो, पण ट्रॅक्टरला मुळात अकरा इंची रिम असेल तर नाद सोडा. अरुंद रिमवर टायर चिमटला जातो, मधोमध फुगतो, आणि कडेचे दाते मातीला धड टेकतच नाहीत. शिवाय लिफ्टच्या साखळ्या आणि मडगार्ड यांना टायर घासतो का, ते चाक फिरवून बघावं लागतं. कपाशी-सोयाबीनच्या ओळीतून ट्रॅक्टर घालणाऱ्यांनी तर रुंद टायरचा विचारही करू नये.

नंबरापेक्षा जास्त विचार दात्यांच्या नक्षीचा करा, असं माझं मत आहे. टायरवर आर-१ लिहिलेलं असेल तर तो कोरडवाहू शेतीचा नेहमीचा टायर. (हा 'आर' नक्षीचा, रेडियलचा नव्हे.) आर-२ चे दाते जवळजवळ दुप्पट खोल असतात. ते भाताच्या चिखलणीसाठी. भंडारा-गोंदियाकडे किंवा कोकणात गुडघाभर चिखलात काम असेल तर आर-२ ला तोड नाही. पण तोच टायर घेऊन डांबरी रस्त्यावरून कारखाना गाठायचा म्हटलं तर ट्रॅक्टर थरथरतो आणि उंच दाते बघता बघता झिजतात. वाहतूकच जास्त असेल तर रुंद, बुटक्या आणि मधोमध एकमेकांत शिरलेल्या दात्यांचा टायर घ्या. आपला ट्रॅक्टर वर्षाचे किती तास रानात असतो आणि किती तास रस्त्यावर, हे दुकानदाराला ठाऊक नसतं. ते घरून ठरवून जा.

रेडियल घ्यावा का? तो जमिनीला जास्त टेकतो, घसरतो कमी, रस्त्यावर टिकतोही जास्त. पण त्याच्या बाजूच्या भिंती मऊ असतात, आणि आपल्याकडे तुरीची-पऱ्हाटीची धसकटं आहेत, काळा फत्तर आहे. नुसतं घरचं रान करणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरला चांगला बारा प्लायचा नायलॉन टायर पुरतो. बारा प्लाय म्हणजे आत मोजून बारा थर असतात असं मात्र नाही. तो ताकदीचा दर्जा आहे, पूर्वीच्या सुती थरांच्या हिशोबातला.

धसकटांवरून आठवलं, परदेशातल्या जंगलात तोडलेले ओंडके ओढणारी यंत्रं असतात, त्यांना स्किडर म्हणतात. त्यांच्या टायरला बुंध्यांच्या खुंटांपासून वाचवायला आत पोलादी पट्टे घालतात. आपल्याकडची बीकेटी कंपनी असे जंगलकामाचे टायर बनवते आणि तिचा बराचसा माल बाहेरच जातो. स्किडरची चारही चाकं ओढतात, म्हणून चारही टायर एका उंचीचे लागतात, नाहीतर चाकं आपापसात भांडतात आणि मार गिअरला बसतो. आपल्या फोर-व्हील ट्रॅक्टरवाल्यांनीही हे ऐकून ठेवा. पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं, त्यामुळे फक्त मागचा टायर मोठा करणं तिथे आणखी महागात पडतं.

दोन चाकी ओढीतसुद्धा मागचे दोन्ही टायर एकदमच बदला. एक नवा आणि एक झिजलेला ठेवला तर डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, सरळ रस्त्यावरही सारखं फिरत राहतं, आणि जुन्या ट्रॅक्टरचं डिफरन्शियल आधीच थकलेलं असतं. पैशाची अडचण असेल तर एक नवा घेण्यापेक्षा दोन्ही जुन्यांवर रबर चढवून घेणं बरं. अर्थात आतला सांगाडा शाबूत असेल तरच. बाजूला फुगवटा असेल किंवा आतून दोरे सुटले असतील तर रबर चढवणं वाया जातं.

किमतीत एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बिलावर तो ५ टक्केच लावलाय ना, ते बघा. टायर कधी बनला तेही बघा. पुष्कळ टायरांवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कोपऱ्यात चार वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त मिळत असेल, तर तो का स्वस्त आहे ते समजून घ्या.

ट्यूब नवीच घाला. जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरात दुमडते आणि घडीवर घासून फुटते. रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढून रंग मारून घ्या.

हवेबद्दल थोडं. रानात बारा ते चौदा पौंड हवा साधारण पुरते. ट्रॉली ओढताना कंपनीच्या तक्त्याप्रमाणे वाढवावी लागते. रस्त्याची हवा तशीच ठेवून नांगरायला गेलात तर चाक घसरतं आणि माती दबते. घसरण मोजायची असेल तर टायरवर खडूने खूण करा. नांगर जमिनीत असताना चाकाचे दहा फेरे होतील तेवढं अंतर आखा. मग नांगर उचलून ट्रॅक्टर तेवढ्याच अंतरात चालवा आणि फेरे मोजा. साडेआठ ते नऊ फेरे लागले तर सगळं ठीक. आठाच्या खाली आले तर डिझेल मातीत चाललंय. मग वजन टाका, किंवा टायरात पाणी भरा. व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून पाऊण टायर भरला की १३.६-२८ मध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. पंक्चरवाला कुरकुर करेल, करू द्या.

टायर चढवताना बाजूचा बाण बघा, तो पुढे जाण्याच्या दिशेलाच हवा. आणि पहिल्या दिवसाचं काम संपलं की चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या. नव्याने बसवलेलं चाक पहिल्या दिवशी थोडं सैल होऊ शकतं.

नमस्कार.