पेल्याची बुरशी: आधी बूड बघा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाने जोर धरला की गोव्यात अळम्यांच्या गप्पा सुरू होतात. रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची अळमी कुणाला मिळाली, बाजारात वाटा कितीला गेला. आज मी ज्या बुरशीबद्दल बोलणार आहे ती ताटात येत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ही पेल्याच्या आकाराची बुरशी.

मोले, नेत्रावळी किंवा सत्तरीच्या रानात ओढ्याकाठी साल निघालेली कुजकी फांदी दिसली तर जरा वाका. तिच्यावर बोटाच्या पेराएवढे गुलाबी-नारिंगी पेले देठावर उभे असतील, तर ती बहुधा कुकेना नावाच्या गटातली पेल्याची बुरशी. फांदीच्या पातळीला डोळा नेऊन आडवं बघा. काठावर आणि बाहेरच्या अंगाला लांब केस असतील, तर त्या गटातली कुकेना ट्रायकोलोमा ही जात. रंगावर फार विसंबू नका, जुना झालेला पेला फिका पडतो.

अळमीचे बीजाणू छत्रीच्या खालच्या पात्यांवरून झडतात. इथे पेल्याची आतली बाजू बीजाणू तयार करते. तिच्यात सूक्ष्म नळ्या दाटीने उभ्या असतात, एकेकीत साधारण ८ बीजाणू. पिकलेल्या पेल्यावर हळूच फुंकर घातली तर कधीकधी पांढुरका धूर उठतो. हवेतला ओलावा बदलला की अनेक नळ्या एकदम फुटतात, त्याचा तो धूर. मला विचाराल तर पावसाळी सहलीत याहून चांगला खेळ नाही, आणि तिकीटही नाही.

आता बूड, म्हणजे बुरशी कशावर उगवली आहे ते. लाकडावर वाढणारी जात सहसा लाकूड सोडत नाही. गुरांच्या किंवा गव्याच्या शेणावर दिसणाऱ्या बारीक पिवळ्या-नारिंगी चकत्या वेगळ्या जातींच्या. त्यांतल्या काहींचे बीजाणू गवताबरोबर पोटात जातात आणि शेणातून बाहेर पडल्यावर रुजतात. आगीने भाजलेल्या जमिनीवर आणखी निराळी मंडळी येतात. म्हणून वहीत आधी बूड लिहा, रंग नंतर.

फसवणारेही आहेत. बारक्या काटक्यांवरच्या इवल्या पेल्यात मसुरीच्या आकाराच्या, पण तिच्याहून लहान चपट्या गोळ्या दिसल्या, तर ती घरटे-बुरशी. तिचं नातं छत्रीवाल्या अळम्यांशी. पावसाचा थेंब आत पडला की त्या गोळ्या उडून दूर जातात.

फोटो वरून एक, बाजूने एक काढा, आणि फांदी कसली तेही टिपा. अभयारण्यात असाल तर तोडायचं नाही. खायचा विचार तर कुठेच नको.