पाण्याची ओढ

(हर्णै, पहाट. होडीवरून.)
तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, थर्माकोलचा तुकडा पाण्यात टाकला. आता ते फक्त बघतायत. तुकडा सुवर्णदुर्गाच्या तटाकडे न जाता हळूहळू दक्षिणेला सरकतोय. झालं, जाळं कुठून सोडायचं ते ठरलं. उधाणाला (मोठ्या भरतीला) ओढ जास्त, भांगाला (लहान भरतीला) कमी, हा हिशेब त्यांना पाठ आहे. पण हे सगळं होडीभोवतीच्या पाण्याचं. शंभर किलोमीटर पलीकडचं पाणी कुठे चाललंय, ते थर्माकोलला कळत नाही.

(खंभातचं आखात. खांब, खालून वर.)
या रडारच्या खांबाला कळतं. रडार म्हटलं की गरगर फिरणारी तबकडी डोळ्यांपुढे येते. इथे तसलं काही नाही. एक खांब, केबली, आणि मागे एसीची खोली. एसी यंत्रांसाठी, पण दुपारी आम्हीही तिथेच होतो.

खांबातून निघणारी रेडिओ लहर साधारण 60 मीटर लांबीची. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून ही लहर पाण्याला चिकटून क्षितिजापलीकडे, दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत जाते.

(लाटा, जवळून.)
समुद्रावर लाटा नाना मापांच्या. पण लहरीच्या बरोबर निम्म्या, म्हणजे 30 मीटर लांबीच्या लाटांवरून परतलेले प्रतिध्वनी एकमेकांत मिळून ठळक होतात. न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बी यांनी हे 1955 साली ओळखलं. आता गंमत बघा. खोल पाण्यात 30 मीटरची लाट ताशी साधारण 25 किलोमीटरनं धावते, हे गणितानं आधीच ठाऊक असतं. रडारला ती 26 नं येताना दिसली, तर वरचा एक किलोमीटर लाटेचा नव्हे. तो पाण्याचा. तोच प्रवाह.

एकट्या खांबाला पाणी आपल्याकडे येतंय की लांब जातंय, एवढंच समजतं; आडवं गेलेलं पाणी त्याच्या लेखी थांबलेलंच. म्हणून खांब जोडीनं लागतात.

(नकाशा. बाण.)
दोघांचा मेळ घातला की असे बाण उमटतात, वरच्या दोन-अडीच मीटर पाण्याचे.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेनं उभारलेल्या पहिल्या जाळ्यात अशा पाच जोड्या: खंभात, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा, अंदमान. नकाशा खाली सरकवा. कोकणासमोर नुसता निळा रंग. हर्णै आणि जयगड, दोन्हीकडे दीपगृह आहे, वीज आहे, मध्ये साठेक किलोमीटर अंतर.

मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईसमोर पी-305 ही कामगारांना राहायची बार्ज (तरंगता तराफा) बुडाली. पाण्याच्या ओढीनं मृतदेह इकडे रायगडला लागले, तिकडे पार वलसाडला.

(हर्णै, संध्याकाळ. लिलाव, टोपल्या.)
तांडेलांना मोबाइलवर तोच नकाशा दाखवला. त्यांनी बोटानं तो खाली, आणखी खाली ओढला.
"यात हर्णै कुठाय?"

(लिलावाचा आवाज वाढतो.)