आम्ही, आपण आणि सहावं बोट

(इंदूरमधल्या एका वाचकमंडळात झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. माईक जरा खाली घ्या, मी पाच फुटांच्या आतली आहे. हां, बास. मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा म्हणणार होते, पण मग तेही ऐकू यायचं नाही.

पत्रिकेवर विषय आहे 'चळवळी आणि सामूहिक आघात : अनुभवसंकलनं कशी वाचावीत'. विषय मीच दिला, पण छापलेला बघून मीच दचकले. सून म्हणाली, "आई, रविवारी संध्याकाळी लोक हे ऐकायला येणार?" आलात, बरं वाटलं. पोहे शेवटी ठेवलेत ही संयोजकांची हुशारी.

मी ३१ वर्षं शाळेत हिंदी शिकवली. घरी मराठी. आणि राजवाड्यावर भाजी घेताना जी बोलते तिला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. अशा माणसाला एक खोड लागते, सर्वनामांकडे बघत बसायची. आपल्या मराठीत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. "आम्ही सराफ्यात चाललोय" म्हटलं की समोरच्यानं घरी बसायचं. "आपण सराफ्यात जाऊ" म्हटलं की त्यानं चप्पल घालायची. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' आहे, तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु'. इंग्रजीत नाही, रशियनमध्ये नाही, पुस्तकी हिंदीत नाही. तिथे एकच 'हम'. आणि आपल्याकडच्या बोलीत 'अपन' आहे, तो तर कधी 'आपण' असतो, कधी चक्क 'मी'. "अपन को क्या" म्हणणारा एकटाच असतो.

आता यात चळवळ कुठे आली? ज्या पुस्तकांबद्दल आज बोलायचंय, म्हणजे वायुकांड, दंगल, फाळणी, धरण, संप यांतून गेलेल्या पन्नास-साठ माणसांची सांगणी एकत्र बांधलेली पुस्तकं, त्यांत सगळ्यात जास्त येणारा शब्द हाच आहे. अशा सांगण्यांतून पुस्तकं उभी करणाऱ्या बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांना २०१५ साली नोबेल मिळालं, तेव्हापासून हे 'साहित्य' आहे का हा वाद तरी मिटला. आमच्या जुन्या वाचनालयात मात्र अशी पुस्तकं अजून 'संकीर्ण' या कपाटात, पाककृती आणि हस्तरेषांच्या मध्ये. असो.

एक तक्रार सांगून घेते, पंधरा वर्षं पोटात आहे. भोपाळच्या एका बाईंचं सांगणं मी हिंदीतून मराठीत आणलं आणि महाराष्ट्रातल्या एका दिवाळी अंकाला पाठवलं. नाव घेणार नाही, संपादक सज्जन आहेत. बाई म्हणत होत्या "अपन निकल लिए". मी दोन दिवस डोकं धरून बसले. 'अपन' म्हणजे 'मी' की 'आपण'? पुढच्या परिच्छेदात त्या एकट्याच हमीदिया रुग्णालयात पोचलेल्या. म्हणजे हा 'अपन' एकटीचा होता. मी "आपण निघालो" असं ठेवलं, मराठीतही ते थोडं एकटीचं ऐकू येतं म्हणून. प्रूफ आलं तर अकरा ठिकाणी 'आपण' खोडून 'आम्ही'! फोन केला. म्हणाले, "मॅडम, प्रमाण मराठीत इथे आम्ही येतं. तुमच्याकडे हिंदीचा परिणाम असतो." आता काय बोलायचं? होळकरांबरोबर आलेल्या घरातली मी! पण तक्रार भाषेच्या अभिमानाची नाही. त्या अकरा खुणांनी एका एकट्या बाईला कुटुंब मिळालं. छापून आलं तेव्हा वाचकांना वाटलं, चला, सगळे सुटले.

आता आत्याची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका, आज शेवटपर्यंत सांगणार आहे.

माझी आत्या भोपाळला, स्टेशनच्या बाजूला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. आत्याला जाग आली ती खोकल्यानं. तिला वाटलं शेजारी कुणी मिरच्या जाळतंय, दृष्ट काढतंय. रात्री साडेबाराला कसली दृष्ट? हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, आणि पळणारा माणूस जास्त श्वास घेतो. हे तेव्हा कुणाला ठाऊक? आत्याच्या सासूबाईंनी मात्र पंचे ओले करून सगळ्यांच्या तोंडाला बांधायला लावले. आत्यानं कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि निघाले.

ही गोष्ट आमच्याकडे दर गणपतीत व्हायची. "आम्ही पाचही जण वाचलो, त्याचीच कृपा." हात जोडायचे, मग मोदक. वीसेक वर्षं ऐकली. मग मी ही संकलनं वाचायला लागले आणि खोड लागली. एका गणपतीत मी सहज म्हटलं, "आत्या, पाच म्हणजे कोण कोण गं?" ती बोटं मिटत गेली. मी, हे, दोन्ही मुलगे, सासूबाई. मूठ झाली. आणि दुसऱ्या हाताचं एक बोट आपोआप पुढे आलं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हात पदराखाली घेतला.

रात्री भांडी आवरताना ती बोलली. गर्दीत एक मुलगा तिच्या पदराला धरून पळत होता. तीन-चार वर्षांचा, कुणाचा ते माहीत नाही. तिनं उचलून घेतला. तो विचारत होता, "कहाँ जा रहे?" आणि ही सांगत होती, "अपन घर जा रहे, बेटा, अपन घर." पहाटे दवाखान्याच्या फाटकाशी कुणीतरी तिच्या हातातून त्याला घेतला. डॉक्टर होता, की नातलग, की आणखी कोण, तिचे डोळे सुजून बंद झालेले, दिसलंच नाही. तो मुलगा रात्रभर 'अपन'मध्ये होता. 'आम्ही पाच'मध्ये कधी आला नाही.

(इथे पाणी प्यायले.)

हे आत्याचं वैगुण्य म्हणून सांगत नाही. 'आम्ही' ही मोजलेली जागा असते, तिला दार असतं. चळवळीला ते दार लागतंच. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाची घोषणा आठवा : "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". तिथे 'आपणच सरकार' म्हणून बघा, साहेब जीपमधून उतरून सतरंजीवर येऊन बसतील. तो 'आम्हीच' कमावलेला आहे.

आणि 'आपण' म्हणजे सगळा गोडवा, असंही नाही. 'आपण' सगळ्यात पटकन जमतो तो कुठल्या वाक्यात? "आपल्याला काय करायचंय!" हसू नका. कार्बाइडच्या आवारातला कचरा चाळीस वर्षं भोपाळचा होता, 'त्यांचा'. १ जानेवारी २०२५ च्या रात्री त्यातला ३३७ टन बारा कंटेनरांत भरून पिथमपूरला निघाला, इथून तासाभराच्या अंतरावर, आणि एका रात्रीत तो 'आपल्या' पाण्याचा प्रश्न झाला. मीही तेव्हाच जागी झाले, खोटं कशाला बोलू. पिथमपूरला तर दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत तो कचरा जाळूनही झाला. आता आपल्या ग्रुपवर कुणी पिथमपूरचं नाव काढतं का?

तसाच आपला राजवाडा, होळकरांचा. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत, १९८४ लाच. आपण म्हणतो, "राजवाडा जळाला". जळाला! आपोआप, जसं दूध उतू जातं. राजवाडा 'आपला', पुन्हा उभा राहिला, फोटो काढतो. ज्यांच्याविरुद्ध ती दंगल पेटवली होती ते सरदारजी मात्र या वाक्यात…

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. म्हणजे जो विषय छापलाय तो आता सात मिनिटांत.

तर कशी वाचावीत. पेन्सिल घ्या. 'आम्ही'ला गोल, 'आपण'ला चौकोन, आणि जिथे गोलातून चौकोन होतो तिथे थांबा. अनुवाद असेल तर मूळ भाषेत हा भेद होता का ते विचारा. नसेल तर निवड अनुवादकानं केलीय, सांगणाऱ्यानं नव्हे.

दुसरं, प्रश्न शोधा. संकलक बहुतेक वेळा स्वतःचा प्रश्न खोडतो आणि उत्तर तेवढं ठेवतो. मग माणूस आपणहून घडाघडा बोलतोय असं वाटतं. हरसूद गाव घ्या. २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथे लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी पाडली. "आम्हीच पाडलं" हे वाक्य "काय झालं?" याचं उत्तर असेल तर एक अर्थ, "कुणी पाडलं?" याचं असेल तर दुसरा, आणि समोर भरपाईचा कारकून बसला असेल तर तिसराच.

तिसरं, एका बैठकीत एकच सांगणं. मी एकदा सलग नऊ वाचली. दहाव्याला मला कंटाळा आला आणि मी पानं उलटून 'जास्त भयंकर' कुठलं ते शोधायला लागले. त्या दिवशी पुस्तक मिटलं ते महिनाभर उघडलं नाही. अनुक्रमणिका बघून सगळ्यात वाईट शीर्षकावर उडी मारणारे इथे आणखी असतील, हात वर करायला सांगत नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराबद्दल बोलायचं होतं. १९७८ चा ठराव, १९९४ ला नामविस्तार, मधल्या सोळा वर्षांत कोण कधी 'आम्ही' म्हणालं आणि कोण कधी 'आपण'. ते राहिलं. गिरणी संपाचंही राहिलं. पोहे गार होतायत.

पुढच्या बैठकीचं पुस्तक टेबलावर आहे. एकच प्रत आहे, आळीपाळीनं न्या. आधीच कुणीतरी त्यात गोल केलेत, तेही निळ्या बॉलपेननं. त्यांनी उभं राहायची गरज नाही. पण एकशेबारा पानावर त्यांनी गोल केलाय, तिथे माझ्या मते चौकोन हवा होता. पोहे खाताना बोलू.