वीज विकणाऱ्याने वीज वाचवायची, तर कुणाच्या खिशातून?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी विषय सांगितलाच आहे. अमेरिकेतल्या राज्यांनी वीज कंपन्यांवर बचतीची सक्ती केली, तिचं पुढे काय झालं आणि आपण त्यातून काय घ्यावं. 'आपण काय घ्यावं' हे मी शेवटी ठेवलंय, म्हणजे ते घाईत उरकणार हे गृहीत धरा. मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आम्ही वेळापत्रक काटेकोर पाळलं ते फक्त भारनियमनाचं. (हशा)

घरी गेल्यावर एक काम करा, वीजबिल काढून बसा. स्थिर आकार, वीज आकार, आणि त्याच्याच आसपास 'वहन आकार' असा एक रकाना दिसेल. तिकडे कुणी बघत नाही. वहन आकार म्हणजे तारा, खांब, रोहित्रं यांचा खर्च. आता तुम्ही दोन एसी लावलेत म्हणून दारातला खांब काही जास्त झिजत नाही. तरी हा पैसा युनिटमागे घेतला जातो, युनिटला रुपयापेक्षा जास्त. तुम्ही शंभर युनिट वाचवलेत तर कंपनीची तेवढी वीजखरेदी वाचते. वायरमनचा पगार आणि कर्जाचा हप्ता जागच्या जागी राहतो, तो भागवणारा वहन आकार मात्र बुडतो. अशा कंपनीला 'युनिट कमी खपव' असा हुकूम देणं म्हणजे रसवंतीवाल्याला 'गिऱ्हाइकाला आधी माठातलं पाणी पाज' म्हणण्यासारखं आहे. पाजेल तो. पेला केवढा असेल ते बघा.

अमेरिकेत हा हुकूम पहिल्यांदा कायद्यात आणला टेक्ससने, १९९९ साली. होय, तेलवाल्या टेक्ससने. मागणीत दरवर्षी जी वाढ होईल तिच्यातला दहा टक्के भाग बचतीतून भागवा, असा तो मामला होता. पुढे वीसहून अधिक राज्यांनी आपापले नियम केले. पण मला सांगायचंय ओहायोचं. तुमच्यापैकी काहींची मुलं कोलंबसला, क्लीव्हलँडला असतील. त्यांना फोन करून खातरजमा करा.

ओहायोने २००८ मध्ये कायदा केला: २०२५ पर्यंत वीज कंपन्यांनी सुमारे २२ टक्के बचत साधायची. तिथे फर्स्टएनर्जी नावाची मोठी कंपनी आहे, मुख्यालय ॲक्रनला. तिने २००९ मध्ये योजना आखली की प्रत्येक ग्राहकाच्या दारात दोन सीएफएल, म्हणजे कमी वीज खाणारे, दिवे पोचवायचे. झकास! आपल्याकडेही त्याच सुमाराला सीएफएलचंच कौतुक चाललं होतं. फक्त ओहायोच्या ग्राहकाला बिलात महिन्याला ६० सेंट भरायचे होते, तीन वर्षं. गणित करा. २१ डॉलर ६० सेंट, दोन दिव्यांचे! दुकानात ते कितीतरी स्वस्त. आणि तुम्ही म्हणालात, 'मला नकोत, माझ्याकडे आहेत,' तरी पैसे द्यायचेच.

लोक भडकले. मग हिशेब बाहेर आला, आणि माझ्यासारख्याला त्यातच खरा रस. त्या रकमेत दिव्यांची किंमत होती, ते पोचवण्याचा खर्च होता, आणि या दिव्यांमुळे जी वीज खपणार नाही तिच्यावरचं बुडणारं उत्पन्नही होतं. म्हणजे मी दिवा लावून जी वीज वापरलीच नाही, तिच्यासाठीही कंपनीला पैसे द्यायचे. वीजदर ठरवणाऱ्या राज्याच्या नियामक आयोगाने आधी याला मान्यता दिली होती, हे विशेष. ऑक्टोबरात गव्हर्नर टेड स्ट्रिकलँड यांनी थांबवायला सांगितलं आणि योजना गुंडाळली.

आता सगळे कंपनीला शिव्या घालतात. मी अर्ध्याच घालतो. (हशा) बुडीत उत्पन्न मागणं हा निर्लज्जपणा वाटतो खरा, पण तो वहन आकाराचा रकाना आठवा. कंपनीचं दुखणं खोटं नव्हतं. औषधाचं बिल तिने ज्या रीतीने फाडलं, ती रीत भयंकर होती.

दुखणं तसंच ठेवलं की काय होतं तेही ओहायोतच दिसलं. २०१४ मध्ये बचतीचं उद्दिष्ट दोन वर्षं गोठवलं. २०१९ मध्ये 'हाउस बिल ६' नावाचं विधेयक आलं. फर्स्टएनर्जीच्या उपकंपनीकडच्या दोन अणुवीज केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून अनुदान, आणि बचतीची सक्ती रद्द. दोन्ही एकाच कायद्यात. वर्षभरात विधानसभेचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. प्रकरण सुमारे सहा कोटी डॉलरच्या लाचेचं. २०२१ मध्ये कंपनीने २३ कोटी डॉलरचा दंड कबूल केला, २०२३ मध्ये हाउसहोल्डरना वीस वर्षांची शिक्षा झाली. त्या केंद्रांचं अनुदान मागे घेतलं गेलं. बचतीचा नियम मात्र परत आला नाही. चोर पकडला, पण…

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे अध्यक्ष गंभीर आहेत.

तर उपाय. पहिला कॅलिफोर्नियाचा, १९८२ मध्ये आणलेला. आयोग कंपनीचं वर्षाचं उत्पन्न आधी ठरवून देतो. विक्री कमी झाली तर पुढच्या दरात भरपाई, जास्त झाली तर ग्राहकाला परत. मग युनिट खपवण्यात कंपनीचा जीव अडकत नाही. दुसरा व्हरमॉन्टचा: बचतीचं काम वीज कंपनीकडे ठेवायचंच नाही, त्यासाठी वेगळी संस्था. २००० पासून तिथे ते चाललंय.

आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी-व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकाचा वापर आटोक्यात ठेवण्याचे, विनियम केले. कागदावर चांगले आहेत. मुंबईत पंखे-फ्रीज बदलून द्यायच्या योजनाही निघाल्या. आणि दरनिश्चितीनंतरचं आपलं ट्रू-अप, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष जमाखर्च यांतला फरक पुढच्या दरात वळता करणं, हे अर्धं कॅलिफोर्नियाच आहे की! फक्त ते येतं उशिरा, तोवर तुटीवर व्याज चढलेलं असतं. ते वेळच्या वेळी करा, आणि बचतीचं उद्दिष्ट टक्क्यांत बांधून द्या.

आणखी एक, घाईत. आपल्या कंपनीला सगळी बचत टोचत नाही. शेतीपंपाचं युनिट तिला खरेदी-खर्चापेक्षा स्वस्तात द्यावं लागतं, तिथे वाचलेलं प्रत्येक युनिट तिच्या फायद्याचं. दुकानं, कारखाने, तीनशे युनिटच्या वरचं घर, तिथे दर चढा, म्हणून बचत म्हणजे तोटा. म्हणून मंगळवेढ्यात जुने शेतीपंप बदलून कार्यक्षम पंप बसवायचा प्रयोग झाला, तशी धावपळ एखाद्या मॉलच्या एसीसाठी कुणी केलेली मी पाहिली नाही. आयोगाने सक्ती करायची तर या दुसऱ्या गटात करावी. पहिल्या गटात कंपनीने आपणहून धावायला हवं. ती का धावत नाही, मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर काय काय खपवलं जातं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याला अध्यक्ष मला बोलावणार नाहीत. (हशा) मंगळवेढ्याबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाच्या वेळी गाठा. धन्यवाद.